अडलेल्या मेलचा दोष तपासणीच्या माथी नको

रिव्हर्स डीएनएस तपासणीत मेल स्वीकारणारा सर्व्हर समोरच्या आयपी पत्त्यावरून त्याचे नाव शोधतो आणि ते नाव पुन्हा त्याच पत्त्याशी येऊन मिळते का, ते पाहतो. पत्त्याला नावच नसेल, किंवा नावावरून शोध घेतल्यावर दुसराच पत्ता निघत असेल, तर तपासणी फसते. अशा वेळी काही सर्व्हर मेल नाकारतात, काही तो तात्पुरता थोपवतात, तर काही स्पॅमच्या गुणांकात भर घालून पुढे सोडतात.

या तपासणीविरुद्ध मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक मत चांगलेच रुजले आहे. त्यानुसार ही तपासणी जुनाट आहे, सहज फसवता येते, मेलच्या प्रमाणकांनाच ती मान्य नाही, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क आल्यापासून तिची गरज उरलेली नाही आणि तिच्यामुळे फक्त निर्दोष लोकांचे मेल अडतात. एखाद्या ग्राहकाचा मेल येत नाही, लॉगमध्ये रिव्हर्स डीएनएसचा उल्लेख दिसतो, कॉन्फिगरेशनमधील एक ओळ काढली जाते, मेल येतो आणि प्रश्न सुटला असे मानले जाते. या मतातील प्रत्येक मुद्द्यात थोडे तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तपासणीने मेल अडवला म्हणजे बहुतेक वेळा एक खरा बिघाड उघड झालेला असतो. तपासणी बंद केल्याने तो बिघाड जागच्या जागी राहतो, फक्त त्याची बातमी देणारे कुणी उरत नाही.

दोन हातांची नोंद

इंटरनेटवरील नावांची सध्याची व्यवस्था नोव्हेंबर १९८७च्या आरएफसी १०३४ आणि १०३५ या दस्तऐवजांनी घालून दिली. पत्त्यावरून नाव शोधण्याची सोय आरएफसी १०३५मध्येच आहे. त्यासाठी इन-ॲडर.अर्पा हे खास क्षेत्र राखलेले आहे. २०३.०.११३.२५ या पत्त्याचे नाव हवे असेल, तर २५.११३.०.२०३.इन-ॲडर.अर्पा या नावाखालची पीटीआर नोंद विचारली जाते. आकडे उलटे लावण्याचे कारण साधे आहे. डीएनएसमध्ये अधिकाराची वाटणी उजवीकडून डावीकडे होते, तर आयपी पत्त्यात मोठा गट डावीकडे असतो. आकडे उलटले की पत्त्यांच्या वाटपाची उतरंड आणि नावांची उतरंड एकमेकींवर बसतात.

या उतरंडीत कोणती नोंद कोण लिहितो, याला सर्वाधिक महत्त्व आहे. मेल.उदाहरण.इन या नावाची पत्त्याची नोंद त्या डोमेनचा मालक लिहितो. पीटीआर नोंद मात्र पत्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून लिहिली जाते. भारतातील पत्त्यांचे वाटप आशिया-प्रशांत विभागाच्या एपीएनआयसी या संस्थेखाली होते आणि देशपातळीवर ते काम निक्सीची आयआरआयएनएन ही नोंदणीशाखा पाहते. तिथून पत्त्यांचे गट इंटरनेट सेवा कंपन्यांकडे आणि मोठ्या संस्थांकडे जातात, त्यांच्यासोबत उलट नोंदींचा अधिकारही जातो. नाव आणि पत्ता यांच्या नोंदी वेगळ्या क्षेत्रांत असल्याने त्यांच्यात विसंगती येऊ शकते, हे आरएफसी १०३५ने त्याच वेळी सांगून ठेवले आहे.

तपासणी फसवता येते, हा पहिला आक्षेप इथेच तपासावा लागतो. पत्त्याचा मालक आपल्या पीटीआर नोंदीत वाटेल ते नाव लिहू शकतो, कुठल्याही बँकेचे किंवा विद्यापीठाचेही. या कमजोरीचा उपयोग करून विश्वासू यंत्राचे नाव घेऊन आत कसे शिरता येते, हे स्टीव्हन बेलोविन यांनी १९९०मध्ये लिहिलेल्या निबंधात दाखवले होते. केवळ पत्त्यावरून निघालेल्या नावावर विश्वास ठेवणाऱ्या तेव्हाच्या सेवांना तो इशारा होता. त्यावरचा उपाय म्हणजे दुहेरी तपासणी: पत्त्यावरून नाव काढायचे आणि मग त्या नावाच्या मालकालाच विचारायचे की हा पत्ता तुमचा आहे का. वीत्से व्हेनेमा यांच्या टीसीपी रॅपरमध्ये ही दुहेरी पडताळणी होती आणि त्यांनीच लिहिलेल्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्येही ती आहे. खोटे नाव लिहिणारा पहिली पायरी ओलांडतो, पण दुसरीवर अडतो, कारण बँकेच्या डोमेनमध्ये नोंद करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. फसवणुकीचा आक्षेप एकेरी तपासणीला लागू आहे. दुहेरी तपासणीला तो लावणे म्हणजे जो दोष दुरुस्त झाला आहे त्यासाठी दुरुस्तीलाच दोषी धरणे होय.

दुहेरी तपासणी उत्तीर्ण होणे म्हणजे पाठवणारा प्रामाणिक असणे नव्हे. स्पॅम पाठवणारेही पत्ते भाड्याने घेऊन दोन्ही नोंदी नीट करू शकतात. तपासणी एवढेच सांगते की पत्त्याचा आणि नावाचा अधिकार असलेल्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना ओळख दिली आहे. हे थोडे वाटले, तरी मेलसाठी मोलाचे आहे. घरगुती जोडणीवरच्या, व्हायरसने काबीज केलेल्या संगणकाला अशी ओळख सहसा नसते. त्याच्या पत्त्याला एकतर नाव नसते, नाहीतर पत्त्याचेच आकडे गुंफून तयार केलेले साचेबंद नाव असते. मेल सर्व्हर म्हणून ज्याची कुणीच जबाबदारी घेतलेली नाही, अशा पत्त्यांचा मोठा वर्ग ही तपासणी मेलचा मजकूर येण्याआधीच वेगळा करते.

प्रमाणक काय मनाई करते

दुसरा आक्षेप एसएमटीपीच्या प्रमाणकाचा आधार घेतो. ऑक्टोबर २००८च्या आरएफसी ५३२१मध्ये असे कलम खरोखरच आहे की जोडणी करणाऱ्याने ईएचएलओ आदेशात सांगितलेले नाव त्याच्या पत्त्याशी जुळले नाही, तर केवळ त्या कारणावरून मेल नाकारू नये. या कलमाकडे बोट दाखवून रिव्हर्स डीएनएसची सगळीच तपासणी नियमबाह्य ठरवली जाते. पण ती मनाई फक्त ईएचएलओमधील नाव आणि पत्ता यांच्या जुळणीपुरती आहे, असे त्याच कलमात पुढे स्पष्ट केलेले आहे. त्याच दस्तऐवजाच्या कलम ७.९मध्ये, सर्व्हर चालवणाऱ्याला योग्य वाटेल अशा कोणत्याही तांत्रिक वा व्यावहारिक कारणाने मेल नाकारण्याचा हक्क मान्य केला आहे. पत्त्याला पीटीआर नोंद आहे का आणि ती परत फिरून त्याच पत्त्यावर येते का, हा प्रश्न ईएचएलओच्या प्रश्नाहून वेगळा आहे.

उलट फेब्रुवारी १९९६चा आरएफसी १९१२ डीएनएसमधील नेहमीच्या चुका मोजताना स्पष्ट सांगतो की इंटरनेटवर पोहोचणाऱ्या प्रत्येक यंत्राला नाव असावे आणि पीटीआर व पत्त्याच्या नोंदी एकमेकींशी जुळाव्यात. मे २०१९च्या आरएफसी ८६०१मध्ये मेलच्या पडताळणीचे निकाल लिहिण्याची पद्धत दिलेली आहे आणि त्यात ही दुहेरी तपासणी आयपीरेव्ह या नावाने एसपीएफ आणि डीकेआयएमच्या शेजारी बसलेली आहे. प्रमाणकांनी टाकून दिलेली पद्धत अशी नोंदवली जात नाही.

या मुद्द्यात विरोधकांच्या बाजूचे तथ्यही मोठे आहे. काही व्यवस्थापक पीटीआरमधील नाव, ईएचएलओमधील नाव आणि पाठवणाऱ्याच्या ई-मेल पत्त्यातील डोमेन ही तिन्ही एकच असावीत असा हट्ट धरतात. हा हट्ट निराधार आहे. एकच सर्व्हर शेकडो डोमेनचे मेल पाठवतो आणि त्याच्या पत्त्याला एकच नाव पुरेसे असते. पाठवणाऱ्याने ईएचएलओमध्ये पूर्ण आणि खरे नाव द्यावे, शक्यतो पीटीआरमधलेच द्यावे, हा चांगला रिवाज आहे, पण ते वेगळे आहे म्हणून मेल परत पाठवणे चूक आहे. अशा अतिरेकामुळे अडलेल्या मेलचा राग योग्य आहे. तो अतिरेकावर निघावा, मूळ तपासणीवर नव्हे.

नव्या पद्धती वेगळा प्रश्न विचारतात

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त पटणारा वाटतो: आता एसपीएफ आहे, डीकेआयएमची सही आहे, डीमार्क आहे, मग पीटीआर कशाला? याचे उत्तर प्रत्येक पद्धत कोणता प्रश्न विचारते यात आहे. एसपीएफ विचारते की या डोमेनने या पत्त्याला मेल पाठवण्याची परवानगी दिली आहे का. डीकेआयएम विचारते की या मजकुरावर या डोमेनची सही आहे का. डीमार्क या दोन निकालांची सांगड वाचकाला दिसणाऱ्या डोमेनशी घालते. तिन्हींचे उत्तर डोमेनच्या मालकाकडून येते. आज सकाळी विकत घेतलेल्या डोमेनचा मालक दुपारी या तिन्ही नोंदी बिनचूक करू शकतो. पत्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याचे म्हणणे या तिघींपैकी एकही पद्धत विचारत नाही. ते फक्त पीटीआर नोंद सांगते. शिवाय डीकेआयएम आणि डीमार्कसाठी मजकूर पूर्ण उतरवून घ्यावा लागतो, तर पत्त्याची तपासणी जोडणी होताच करता येते.

एप्रिल २०१४च्या आरएफसी ७२०८चा दाखला या वादात वारंवार चुकीचा दिला जातो. त्यात एसपीएफ नोंदीमध्ये पीटीआर हा शब्दप्रयोग वापरू नये असे म्हटलेले आहे आणि ते योग्य आहे, कारण त्याने शोध मंदावतो आणि अर्पा क्षेत्राच्या सर्व्हरवर ताण येतो. ही सूचना डोमेनच्या मालकाने एसपीएफ कसे लिहावे याबद्दल आहे. मेल घेणाऱ्याने समोरच्या पत्त्याचे नाव पाहू नये, असे ती म्हणत नाही.

व्यवहारही हेच दाखवतो. गूगलने ऑक्टोबर २०२३मध्ये जाहीर केलेल्या आणि फेब्रुवारी २०२४पासून लागू केलेल्या अटींमध्ये एसपीएफ किंवा डीकेआयएमसोबत दोन्ही दिशांची डीएनएस नोंद ही अट लहान-मोठ्या सर्व पाठवणाऱ्यांना आहे. ती पुरी न करणाऱ्याला ५५०-५.७.२५ हा नकार येतो आणि त्यात पीटीआर नाही किंवा ती जुळत नाही हे कारण लिहिलेले असते. म्हणजे लहान कार्यालयाच्या व्यवस्थापकाने दया म्हणून तपासणी बंद केली, तरी पाठवणाऱ्याचे मेल जीमेलवर अडणारच आहेत. तपासणी बंद करणाऱ्याने त्याला मदत केलेली नाही, त्याचा बिघाड त्याच्यापासून लपवला आहे.

बिघाड कुठे असतो

चौथा आक्षेप असा की ही तपासणी निर्दोष मेल विनाकारण अडवते. अडवते हे खरे, विनाकारण हे क्वचितच खरे. कारण शोधण्याला एक क्रम आहे आणि तो पाळला तर बहुतेक बिघाड लवकर सापडतात.

पहिली पायरी नकाराचा आकडा नीट वाचण्याची. चारशेच्या घरातील उत्तर तात्पुरते असते आणि पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. पाचशेच्या घरातील उत्तर अंतिम असते. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये पत्त्याआधी अननोन असे दिसले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात: नाव मिळालेच नाही, किंवा मिळाले पण परतीच्या वाटेवर जुळले नाही. दुसऱ्या वेळी त्याच्या आधीच्या ओळीत अमुक नाव अमुक पत्त्याकडे जात नाही असा इशारा असतो. केवळ अननोन पाहून पीटीआर नाही असे कळवणारा व्यवस्थापक समोरच्याला चुकीच्या वाटेला लावतो. सेंडमेल अशाच वेळी रिसीव्ह्ड ओळीत मे बी फोर्ज्ड असे लिहितो. त्याचा अर्थ नाव आणि पत्ता जुळले नाहीत इतकाच असतो, मेल बनावट आहे असा निवाडा त्यात नसतो.

दुसरी पायरी मेल खरोखर कोणत्या पत्त्यावरून निघतो हे ठरवण्याची. मेल येण्याचा पत्ता आणि जाण्याचा पत्ता एकच असेल असे गृहीत धरणे ही नेहमीची चूक आहे. कार्यालयात दोन कंपन्यांच्या लाइन असतात, मुख्य लाइन पडली की राउटर दुसरीवर जातो आणि त्या पत्त्याला कुणीच नाव दिलेले नसते. मेल कधी जातो, कधी परत येतो, असा लपंडाव दिसला तर प्रथम हेच तपासावे. आयपीव्ही६ चालू असलेल्या सर्व्हरवर तोच प्रकार वेगळ्या रूपात होतो. व्यवस्थापकाने आयपीव्ही४च्या पत्त्याला नाव दिलेले असते आणि सर्व्हर मात्र आयपीव्ही६वरून, कधी तर आपोआप बदलणाऱ्या तात्पुरत्या पत्त्यावरून, मेल पाठवत असतो. पोस्टफिक्समध्ये निघण्याचा पत्ता पक्का बांधता येतो आणि तो बांधावा. खरा पत्ता कोणता, याचा निर्णायक पुरावा म्हणजे पोहोचलेल्या एखाद्या मेलमधील, घेणाऱ्या सर्व्हरने लिहिलेली रिसीव्ह्ड ओळ.

तिसरी पायरी त्या पत्त्याला पीटीआर आहे का हे पाहण्याची. डिग आदेशाला -एक्स आणि पत्ता दिला की उत्तर मिळते आणि त्यातील स्थिती महत्त्वाची असते. एनएक्सडोमेन म्हणजे अशी नोंद नाही. सर्व्हफेल म्हणजे नोंद आहे की नाही हेच कळू शकले नाही: ज्या सर्व्हरकडे अधिकार सोपवला तो उत्तर देत नाही, किंवा डीएनएससेकच्या सहीची पडताळणी फसली. पहिल्यात नोंद घालायची असते, दुसऱ्यात अधिकाराची साखळी दुरुस्त करायची असते.

नोंद घालतानाची सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे ती चुकीच्या ठिकाणी घालणे. डोमेन जिथे नोंदवले त्या पॅनेलमध्ये पीटीआर लिहिली जाते, ती तिथे दिसतेही, पण जगाला ती कधीच मिळत नाही, कारण त्या पत्त्याचा अधिकार त्या पॅनेलकडे नसतो. इमारतीच्या नामफलकावर भाडेकरूचे नाव सोसायटीच लावते, भाडेकरूने स्वतःच्या वहीत ते कितीही वेळा लिहून उपयोग नसतो. नोंद सेवा कंपनीकडून किंवा क्लाउडच्या पत्त्यांच्या पानावरूनच व्हावी लागते. अर्पा क्षेत्राची वाटणी ठिपक्यांच्या जागी होत असल्याने २५६पेक्षा कमी पत्ते असलेल्या ग्राहकाला पूर्ण क्षेत्र सरळ सोपवता येत नाही. त्यासाठी मार्च १९९८च्या आरएफसी २३१७ने सीनेम नोंदींची वाट दाखवली आहे. ती वापरल्यावर शोधाच्या मध्ये टोपणनाव दिसते आणि ते नियमाला धरूनच असते. पीटीआरमधून शेवटी निघणारे नाव मात्र टोपणनाव असू नये, असे जुलै १९९७चा आरएफसी २१८१ सांगतो.

चौथी पायरी परतीच्या वाटेची. पीटीआरमध्ये लिहिलेल्या नावाला पत्त्याची नोंद आहे का आणि त्यात तोच पत्ता आहे का? इथे एका ठिपक्याने घोळ होतो. क्षेत्राच्या फाइलमध्ये नावाच्या शेवटी ठिपका द्यायचा राहून गेला, तर मेल.उदाहरण.इन हे नाव मेल.उदाहरण.इन.११३.०.२०३.इन-ॲडर.अर्पा असे होऊन बसते आणि अर्थातच कुठेच जात नाही. सर्व्हर नव्या पत्त्यावर हलवताना एकच नोंद बदलणे, आयपीव्ही६च्या पीटीआरसमोर चार ए असलेली नोंद न करणे, एका पत्त्याला अनेक पीटीआर लावून ठेवणे आणि त्यातले एखादे जुने नाव मरून जाणे, ही याच घराण्यातील कारणे आहेत. अनेक पीटीआर असण्याला नियमाची मनाई नाही, पण मेल सर्व्हरच्या पत्त्याला एकच असावी, हे व्यवहाराचे शहाणपण आहे.

पाचवी पायरी थांबण्याची. नोंद नाही हे उत्तरही साठवले जाते आणि ते किती काळ साठवायचे, हे मार्च १९९८च्या आरएफसी २३०८प्रमाणे त्या क्षेत्राच्या एसओए नोंदीवरून ठरते. त्यामुळे पीटीआर केल्यानंतरही काही सर्व्हर जुनेच उत्तर धरून नकार देत राहतात. नवी नोंद नीट लागली का, हे क्षेत्राच्या अधिकृत सर्व्हरला थेट विचारून लगेच कळते. तेवढे कळले की दर तासाला नोंद बदलत बसण्याची घाई टळते.

सहावी पायरी घेणाऱ्याने स्वतःकडे पाहण्याची. निर्दोष मेल खरोखर विनाकारण अडतात ते बहुधा इथेच. घेणाऱ्याचा रिझॉल्व्हर बंद किंवा अडखळत असेल, तर साऱ्या जगाला नाव नाही असे दिसते. पोस्टफिक्सचा भाग वेगळ्या मर्यादित फोल्डरमध्ये चालत असेल, तर तिथली रिझॉल्व्हरची फाइल जुनी राहते आणि डिग बरोबर उत्तर देत असताना पोस्टफिक्स चुकते. पोस्टफिक्स यंत्रावरची होस्ट्स फाइलही पाहते, डिग पाहत नाही, म्हणून तुलना गेटेंट आदेशाने करावी. डॉकरसारख्या मांडणीत किंवा मध्ये प्रॉक्सी असताना प्रत्येक पाहुण्याचा पत्ता आतल्या दरवाजाचाच दिसू शकतो. तेव्हा तपासणी फसते हा लहान धोका असतो. तो आतला पत्ता विश्वासू यादीत असेल, तर सर्व्हर कुणाचेही मेल कुठेही पोहोचवणारा उघडा रिले बनतो, हा खरा मोठा धोका. तपासणी बंद करून मोकळे होणाऱ्याला हा दोष कधीच दिसला नसता.

नियमांचा क्रमही याच पायरीत येतो. स्वतःच्या वापरकर्त्यांनी घरून किंवा मोबाइलवरून पाठवलेले मेल या तपासणीतून जाऊच नयेत. त्यांच्या जोडणीला योग्य पीटीआर असण्याचे कारण नाही, त्यांची ओळख पासवर्डने होते. त्यांना ५८७ क्रमांकाच्या पोर्टवर वेगळे ठेवावे आणि ओळख पटलेल्यांना परवानगी देणारा नियम तपासणीच्या आधी लिहावा. आपल्याच कर्मचाऱ्यांचे मेल अडले म्हणून तपासणीला दूषण देणे म्हणजे क्रमाची चूक तिच्या नावावर घालणे होय.

लहान सर्व्हर आणि आयपीव्ही६

पाचवा आक्षेप न्यायाचा आहे: स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या लहान संस्थेला पीटीआर मिळणे अवघड असते, मग तपासणी म्हणजे मोठ्यांची मक्तेदारी नव्हे काय? यातील अडचण खरी आहे. कायमचा पत्ता विकत घेतल्यावरही पीटीआरसाठी खेटे घालावे लागतात, विनंती समजणारा माणूसच भेटत नाही, असे घडते. परंतु त्या दिरंगाईचे उत्तरदायित्व पत्ता विकणाऱ्या कंपनीचे आहे. कायमच्या पत्त्याची किंमत घेतल्यावर त्याच्या नावाची नोंद करून देणे हा त्या सेवेचाच भाग आहे आणि ग्राहकाने ते करारातच मागून घ्यावे. जगभरचे सर्व्हर आपली तपासणी बंद करतील ही अपेक्षा निष्फळ आहे, पण आपल्या कंपनीकडून एक नोंद मिळवणे शक्य कोटीतले आहे. पत्ता कायमचा नसेल, तर पीटीआर असलेल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत मेल पाठवण्याची रीत आहे. मक्तेदारीची चिंता ज्यांना आहे त्यांनी तर ही नोंद आग्रहाने करावी. पाठवणाऱ्याची कीर्ती वर्षानुवर्षांनी जमते, पीटीआर मात्र पहिल्या दिवसापासून असू शकते आणि स्वतंत्र सर्व्हर गंभीरपणे चालवला जात आहे याची ती पहिली खूण असते.

आयपीव्ही६मध्ये रिव्हर्स डीएनएस अशक्य आहे, असेही म्हटले जाते. एका सामान्य जाळ्यात दोनाचा ६४वा घात इतके पत्ते असतात आणि त्या सर्वांच्या नोंदी लिहिणे अशक्य आहे, हे खरे. नोव्हेंबर २०१८चा आरएफसी ८५०१ सेवा कंपन्यांच्या याच अडचणीचा विचार करतो. पण तो प्रश्न घरोघरच्या ग्राहकांच्या पत्त्यांचा आहे. मेल सर्व्हरचा पत्ता एक असतो, नोंदही एकच करायची असते. ३२ अंकांचे नाव हाताने लिहिताना चूक होते, म्हणून ते डिगच्या उत्तरातून उचलावे, इतकीच काळजी पुरेशी आहे.

तपासणीला तिचे वजन

बंद करणे आणि अंधपणे नाकारणे यांच्या मधला मार्ग उपलब्ध आहे. पोस्टफिक्समध्ये दोन वेगळे नियम आहेत. रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम हा नियम पत्त्याला नावच नसेल तेव्हा लागू होतो. रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेम हा कडक नियम नाव परत न जुळल्यासही लागू होतो. ज्याच्याकडे बाहेरून नाना तऱ्हेचे मेल येतात त्याने पहिल्यापासून सुरुवात करावी आणि परतीच्या विसंगतीला स्पॅमच्या गुणांकात वजन द्यावे. एक्झिममध्येही अशीच पडताळणी नियमांच्या यादीत हवी तिथे बसवता येते. नवा नियम लावताना आधी वॉर्न_इफ_रिजेक्ट जोडून ठेवला, तर नकार न देता लॉगमध्ये नोंद होते आणि कोणाचे मेल अडले असते ते समजते.

नकाराचा आकडाही विचारपूर्वक निवडावा. पोस्टफिक्स या दोन्ही नियमांसाठी मूळ ठेवणीत ४५० देते. नियम नवा असताना हे बरे, कारण घेणाऱ्याच्या चुकीने मेल कायमचा परत जात नाही. पण तो आकडा कायम ठेवल्यास पाठवणारा सर्व्हर दिवसेंदिवस प्रयत्न करत राहतो आणि माणसाला नकार कळायला पाच दिवस लागू शकतात. यंत्रणा स्थिरावल्यावर नाव नसण्याला ५५० दिले, तर पाठवणाऱ्याला त्याच मिनिटाला कारण कळते. डीएनएस तात्पुरते कोलमडले असेल, तर पोस्टफिक्स तेव्हाही ४५०च देते आणि ते योग्य आहे: जे कळले नाही त्यावर अंतिम निकाल देऊ नये.

एखाद्या पाठवणाऱ्याची दुरुस्ती होईपर्यंत त्याचे मेल घेणे भाग असेल, तर केवळ त्याचा पत्ता अपवादाच्या यादीत घालावा, शेजारी तारीख आणि कारण लिहावे आणि त्याला नेमका दोष कळवावा: कोणता पत्ता, कोणते उत्तर, कोणती नोंद हवी आणि ती कोणाकडून करून घ्यायची. दुरुस्ती झाली की अपवाद काढून टाकावा. एका पाठवणाऱ्यासाठी सर्वांवरची तपासणी उठवण्याची वेळ मग येत नाही. पाठवणाऱ्यालाही अशा चार ओळींच्या निरोपाने एक कायमची दुरुस्ती मिळते आणि तिचा लाभ त्याला त्या एका सर्व्हरपुरता नव्हे, तो जिथे जिथे मेल पाठवील तिथे सर्वत्र होतो.